डेट्रॉईट, क्लीव्हलँड की मिलवॉकी? आधी दुसऱ्या नोकरीचं बघा

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. गाव इचलकरंजी, ओहायोत एमएस, नंतर तीन वर्षं प्रेस टूल डिझाईन, आणि यंदा एच-वनबी (अमेरिकेत नोकरी करायचा व्हिसा) लागलाय. हातात तीन ऑफर आहेत. डेट्रॉईटच्या उपनगरात गाड्यांच्या पॅनेलच्या डाय (पत्र्याला दाबून आकार देणारे साचे) बनवणारी कंपनी, क्लीव्हलँडजवळ हायड्रॉलिक्सचा (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणांचा) कारखाना आणि मिलवॉकीत अवजड यंत्रं बनवणारी कंपनी. पगारात उन्नीस-बीसचा फरक. पुढच्या वर्षी लग्न, होणारी बायको मायक्रोबायोलॉजीतली. मित्र म्हणतात डेट्रॉईट मेलंय, तिकडे जाऊ नको. तर तिघांतलं चांगलं शहर कोणतं?

मी या तिन्ही ठिकाणी राहून, नोकरी करून बसलोय. १९९९ ते २००९ डेट्रॉईटच्या उत्तरेला, मग साडेसहा वर्षं क्लीव्हलँडच्या पूर्वेला आणि २०१६ पासून मिलवॉकीच्या बाजूला. मूळचा मी कोल्हापूरचा, उद्यमनगरात उमेदवारी केलेला. त्यामुळे शहर जोखायची माझी पद्धत जरा कारखानदारी आहे, ती आधीच कबूल करतो. कुणाला तळ्याकाठचं फिरणं महत्त्वाचं वाटेल, कुणाला मराठी शाळा. ते चूक नाही, पण पहिल्या पाच वर्षांत तुमची झोप त्याने उडणार नाही.

झोप उडते ती वेगळ्याच गोष्टीने. एच-वनबीवर असताना नोकरी गेली तर दुसरी शोधायला फार तर ६० दिवस मिळतात. म्हणून शहरांची तुलना पहिल्या नोकरीवरून करायचीच नाही. पहिली तर तुमच्या हातात आहे. ती गेली तर घर न हलवता, ६० दिवसांत, तुमच्याच हुनराची दुसरी नोकरी कुठे मिळेल, हा खरा प्रश्न. बाकी सगळं त्याच्या खाली.

आता डेट्रॉईट मेलंय या वाक्याबद्दल. डेट्रॉईट शहराची वस्ती १९५० साली साडेअठरा लाख होती, २०२० च्या जनगणनेत ती ६ लाख ३९ हजार भरली. २०१३ साली शहराने दिवाळखोरी जाहीर केली. हे सगळं खरंच आहे. पण तुम्ही डेट्रॉईटमध्ये कुठे चाललाय? तुमची कंपनी मॅकॉम्ब काउंटीत, वॉरनला आहे, घर बहुधा ट्रॉयला किंवा स्टर्लिंग हाइट्सला घ्याल. शहर आणि उपनगरं मिळून वस्ती आजही ४० लाखांच्या वर आहे. म्हणजे माणसं निघून गेली ती बरीचशी शहराच्या उत्तर हद्दीवरच्या एट माईल रोडच्या पलीकडे गेली. गोरी कुटुंबं गेली, त्यांच्यामागून दुकानं, शाळा, कर आणि शेवटी कारखाने गेले. मागे राहिलेल्या काळ्या वस्तीच्या वाट्याला रिकाम्या इमारती आणि जुनी कर्जं आली. ही गोष्ट क्लीव्हलँडमध्येही घडली (१९५० ला ९ लाख १५ हजार, २०२० ला ३ लाख ७३ हजार) आणि मिलवॉकीत थोड्या कमी प्रमाणात. तेव्हा 'मेलेलं शहर' हा निकष लावायचाच असेल तर तिघांनाही लावा, नाहीतर सोडून द्या. आणि मिशिगन सेंट्रल स्टेशन बघून या एकदा. १९८८ ला शेवटची गाडी गेल्यावर तीस वर्षं ते भुताच्या वाड्यासारखं उभं होतं. २०१८ ला फोर्डने विकत घेतलं, २०२४ च्या जूनमध्ये दुरुस्त होऊन उघडलं. मी दहा वर्षं त्याच्या फुटक्या खिडक्या बघत होतो, त्यामुळे मला तरी ते बघून भरून आलं.

डेट्रॉईटचा खरा गुण ग्रोसबेक हायवेवर दिसतो. वॉरनपासून फ्रेझरपर्यंत दुतर्फा टूल शॉप. एकाकडे मोठी मिलिंग, दुसऱ्याकडे हीट ट्रीटमेंट, तिसऱ्याकडे नुसतं पॉलिशिंग, आणि नदी ओलांडली की विंडसरला कॅनडाचे मोल्डवाले. एका शॉपचं मशीन बंद पडलं की जॉब दोन गल्ल्या पलीकडे जातो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला उद्यमनगरच आठवलं, फक्त शेड मोठ्या आणि गल्लीत चहा नाही. डाय डिझायनर म्हणून तुम्ही इथे जे दोन वर्षांत शिकाल ते दुसरीकडे सहा वर्षांत शिकायला मिळणार नाही. माझा गुरू तिथलाच, एक पोलिश वंशाचा म्हातारा डायमेकर. ब्लू मॅचिंग करताना (डायचे दोन भाग नीट टेकतात का ते रंगाच्या ठशांवरून बघताना) तो पंचावर, म्हणजे डायच्या दाबणाऱ्या भागावर, निळा रंग बोटाने इतका पातळ पसरायचा की धातू खालून दिसावा. मी जाड लावला की म्हणायचा, इतका लावलास तर सगळीकडेच टेकल्यासारखं दिसणार. मग प्रेस बंद करून, उघडून, नुसत्या ठशांवरून सांगायचा की इथे शीट सुरकुतेल आणि तिथे फाटेल. कॉम्प्युटरवरचं सिम्युलेशन बरोबर आहे की नाही हे त्या माणसाला विचारायचं.

आणि डेट्रॉईटचा खरा दोषही त्याच शॉपमध्ये पाहिला. फेब्रुवारी २००९. दाराच्या आतल्या पॅनेलची डाय स्पॉटिंग प्रेसवर (डाय जुळवून बघायच्या प्रेसवर) चढलेली, निळा अजून ओला. दुपारी मालकाला फोन आला की गिऱ्हाईकाने तो मॉडेलच थांबवलाय. चार वाजता आम्हाला सगळ्यांना शेडच्या मधल्या भागात उभं करून सांगितलं, आणि शुक्रवारी बत्तीसपैकी एकवीस जण घरी. मी त्या एकविसांत होतो. पुढचे आठ महिने ग्रोसबेकवरच्या एकूण एक शॉपमध्ये बायोडेटा टाकला. सगळ्यांना एकच ताप. एप्रिलच्या अखेरीस क्रायस्लर आणि १ जूनला जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली, मग बाकीच्यांचं काय घेऊन बसलात? मी वाचलो ते २००७ च्या जुलैमुळे. त्या महिन्यात ग्रीन कार्डच्या शेवटच्या अर्जाची दारं अचानक सगळ्यांना उघडली होती, मी अर्ज टाकून ठेवला होता आणि कामाचा परवाना हातात होता. तो नसता तर मी आज हे कोल्हापुरातून लिहीत असतो. घर मात्र नुकसानीत विकलं.

तुम्ही इचलकरंजीचे, तुम्हाला हे वेगळं समजावायला नको. माग थंडावले की तुमच्याकडे सायझिंगवाला, जॉबरवाला, टेम्पोवाला, चहाच्या गाड्यावाला सगळे एकदम थंडावतात. डेट्रॉईटमध्ये मालक शंभर, पण धंदा एक. नोकऱ्यांची विहीर खोल आहे, आणि आटली की एकदमच आटते.

क्लीव्हलँड असं का झालं नाही, याची गोष्ट मला फार आवडते, जरा विषयांतर चालवून घ्या. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मोटारींची राजधानी क्लीव्हलँड होईल असंच कुणालाही वाटलं असतं. अलेक्झांडर विंटन १८९८ पासून तिथे गाड्या विकत होता, पीअरलेस आणि व्हाइट या मोटार कंपन्याही तिथल्याच. १९०१ च्या ऑक्टोबरात डेट्रॉईटजवळ ग्रोस पॉइंटला शर्यत झाली. विंटन नामांकित, समोर हेन्री फोर्ड नावाचा धंद्यात एकदा बुडालेला माणूस. विंटनची गाडी अर्ध्यात कुरकुरली आणि फोर्ड जिंकला. त्या विजयावर त्याला पुन्हा भांडवल मिळालं. पॅकार्ड या मोटार कंपनीचंही तसंच. कंपनी सुरू झाली ओहायोतल्या वॉरनला (हे वॉरन वेगळं, तुमच्या ऑफरमधलं मिशिगनचं), आणि १९०३ ला उठून डेट्रॉईटला गेली. फोर्डने १९१३ ला हायलंड पार्कात फिरती असेंब्ली लाइन टाकल्यावर प्रश्नच मिटला.

क्लीव्हलँडची मोटार हरली आणि माझ्या मते तिथेच त्या शहराचं भलं झालं. ते एका धंद्याचं झालं नाही. रॉकफेलरने स्टँडर्ड ऑइल इथेच १८७० ला काढली, तेलामागून रसायनं आणि रंग आले. शेरविन-विल्यम्स १८६६ ची. लिंकन इलेक्ट्रिकचं वेल्डिंग, पार्कर हॅनिफिनचं हायड्रॉलिक्स, ईटन, चाळीस मैलांवर ॲक्रनचं रबर. शहराच्या मधोमध कायहोगा नदीच्या काठी पोलादाची भट्टी आजही पेटलेली आहे. रात्री हायवेवरून तिची ज्योत दिसते आणि नवख्याला वाटतं कुठेतरी आग लागलीय. (नदीला खरोखरच आग लागली होती, १९६९ साली. पाण्यावरच्या तेलाच्या तवंगाने पेट घेतला. शहराची देशभर थट्टा झाली, पण अमेरिकेतले पाण्याचे कडक कायदे येण्यात त्या आगीचा वाटा मोठा.) विमानांचे भाग ठोकणारा ५०,००० टनांचा फोर्जिंग प्रेसही इथलाच, १९५५ पासूनचा. पहिल्यांदा त्याच्यासमोर उभा राहिलो तेव्हा मान वर करून बघता बघता डोक्यावरचं हेल्मेट मागे पडलं.

म्हणजे क्लीव्हलँडची विहीर उथळ, पण पसरट. एकाच हुनराच्या शंभर नोकऱ्या तिथे नाहीत. मला २००९ च्या शेवटी तिथे काम मिळालं ते व्हॉल्व्ह बॉडीच्या फिक्स्चरचं (मशीनवर भाग घट्ट धरून ठेवणारी साधनं). डायचं माझं निम्मं ज्ञान पेटीत बंद ठेवावं लागलं आणि पगार आधीपेक्षा १५ टक्के कमी घ्यावा लागला. तीन महिने कास्टिंगमधली छिद्रं आणि मशीनिंगचे अलाउन्स (कापण्यासाठी जादा ठेवायचा धातू) शिकण्यात गेले, तेही माझ्याहून दहा वर्षांनी लहान पोरीच्या हाताखाली. पण नंतर एक गंमत लक्षात आली. २०१५ च्या सुमारास तेलाचे भाव पडले, ड्रिलिंगवाल्यांच्या ऑर्डर आटल्या, आणि त्याच वेळी विमानांच्या भागांना माणसं पुरत नव्हती. आमच्यातले कित्येक जण त्याच इमारतीत टेबल बदलून वाचले. डेट्रॉईटमध्ये टेबल बदलून काही होत नाही.

मिलवॉकीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या वयाला ते मला नीटसं लागू वाटत नाही. शहर मला स्वतःला तिघांत सगळ्यात आवडतं. १९१० पासून पुढची पन्नास वर्षं अधूनमधून समाजवादी महापौर निवडून देणारं हे गाव. त्यातला डॅनियल होन १९१६ पासून सलग २४ वर्षं होता. त्यांना थट्टेने 'गटार समाजवादी' म्हणायचे, कारण ही मंडळी क्रांतीपेक्षा गटारं, पाणी आणि बागा यांच्यावर जास्त बोलायची. तळ्याकाठची मोकळी जागा आज सगळ्यांना फिरायला आहे त्यात त्या विचाराचाही हात आहे. काम म्हणाल तर सगळं अवजड: खाणीतले विजेवर चालणारे फावडे, मोठाले गिअरबॉक्स, मोटर, कंट्रोल. हार्ले-डेव्हिडसन तर तुम्हाला माहीतच आहे. एका गिअरचे दात पाडायला हॉबिंग मशीनवर दिवसेंदिवस लागतात आणि ऑपरेटर डबा खाताना एक कान मशीनकडे लावून बसतो, आवाज बदलला की डबा तिथेच. इथे माणसं वीस-वीस वर्षं टिकतात. याचा अर्थ जागाही वीस वर्षांनीच रिकामी होते. आणि खाणी-शेती-बांधकाम मंदावलं की त्याचा धक्का बसतोच. वेस्ट ॲलिसची ॲलिस-चामर्स एवढी मोठी कंपनी, पण शेतीयंत्रांच्या मंदीत १९८७ ला दिवाळखोरीत गेली. एक मोठी जमेची बाजू म्हणजे शिकागो ९० मैलांवर. दक्षिणेकडच्या बाजूला घर घेतलं तर इलिनॉयच्या उत्तरेकडचे कारखानेही रोजच्या अंतरात येतात.

त्याच रस्त्यावर केनोशा लागतं. १९५४ ला डेट्रॉईटची हडसन ही मोटार कंपनी केनोशाच्या नॅशमध्ये विलीन झाली आणि गाड्यांचं काम डेट्रॉईटहून केनोशाला आलं. केनोशावाल्यांना तेव्हा केवढा आनंद झाला असेल. १९८७ ला क्रायस्लरने ती कंपनी घेतली आणि पुढच्याच वर्षाच्या अखेरीस केनोशाची असेंब्ली बंद. तुमची नवी कंपनी 'आम्ही इथून हलणार नाही' म्हणाली तर मान डोलवा, पण घर घ्यायची घाई करू नका.

तर तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं? हे दोन गोष्टींवर अवलंबून आहे. पहिली म्हणजे तुम्हाला डायमध्येच राहायचंय का. राहायचं असेल तर डेट्रॉईट, दुसरा विचार नको. पण पाच-सहा वर्षांसाठी, भाड्याच्या घरात, सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून. चांगल्या काळात तिथे ६० दिवस पुष्कळ झाले, लोकांना दोन आठवड्यांत नोकरी मिळताना मी पाहिलंय. वाईट काळात मात्र सहा महिनेही कमी, आणि तो काळ दहा-बारा वर्षांत एकदा येतोच. शिवाय मोठे कास्टिंग ओतून दहा-वीस पॅनेलची कामं एकात उरकायची पद्धत काही मोटारवाल्यांनी सुरू केलीय. डायचं काम त्याने संपणार नाही, पण तुम्ही नुसत्या डायवर आयुष्य काढाल असं मी म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट तुमची होणारी बायको. ती एच-फोरवर (एच-वनबीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) आली तर तुमचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने भरायचा अर्ज) मंजूर होईपर्यंत तिला नोकरी करता येणार नाही. तिला स्वतःचा एच-वनबी हवा असेल तर विद्यापीठं आणि त्यांच्याशी संलग्न ना-नफा रुग्णालयांना एच-वनबीची लॉटरी लागू नाही, हे लक्षात ठेवा. मायक्रोबायोलॉजीसाठी हा मोठाच दरवाजा आहे, आणि क्लीव्हलँडमध्ये क्लीव्हलँड क्लिनिक, केस वेस्टर्न विद्यापीठ अशा संस्था एका रांगेत उभ्या आहेत. डेट्रॉईटकडेही ॲन आर्बरचं विद्यापीठ आणि मोठी रुग्णालयं आहेत, पण वॉरनहून ॲन आर्बर म्हणजे रोज तासभर एकेका बाजूला, बर्फात जास्त. तुमचं पहिलं उत्तर 'डायच हवं असं काही नाही' असेल आणि तिला संशोधनात राहायचं असेल, तर मी क्लीव्हलँड घेईन. घरात दोन वेगळ्या धंद्यांच्या नोकऱ्या असल्या की एक गेली तरी चूल चालू राहते. २००९ ला आमच्या घरी दोन्ही पगार मोटारीतूनच येत होते, बायको एका सीट बनवणाऱ्याकडे अकाउंट्सला होती. माझ्यामागून तीन आठवड्यांनी तिचीही गेली.

पगाराचे आकडे सारखे वाटतात म्हणालात, तर कराचा हिशेब एकदा करा. ओहायोत बहुतेक गावं स्वतःचा वेगळा मिळकत कर घेतात. क्लीव्हलँडचा अडीच टक्के आहे. तो आधी कामाच्या गावाला कापला जातो, आणि राहण्याच्या गावाने त्याची पूर्ण सूट दिली नाही तर वर तिथेही थोडा भरावा लागतो. घर बघताना त्या गावाची सूट किती हे विचारा, एजंट आपणहून सांगत नाहीत. डेट्रॉईट शहराचा स्वतःचा कर आहे, पण वॉरन, ट्रॉय, नोव्हाय इथे नाही. त्याऐवजी मिशिगनमध्ये गाडीचा विमा तुमचा खिसा कापेल. विस्कॉन्सिनमध्ये गावाचा मिळकत कर नाही, घरपट्टी मात्र भरपूर.

बर्फाबद्दल एकच. क्लीव्हलँडच्या पूर्वेला ईरी तळ्यावरून येणारा बर्फ पश्चिमेपेक्षा कितीतरी जास्त पडतो. ऑफर मेंटरच्या (पूर्वेकडचं उपनगर) बाजूची असेल तर घर कामाजवळच घ्या. मी पहिल्या वर्षी मराठी मंडळी जास्त म्हणून पार दुसऱ्या टोकाला स्ट्राँग्सव्हिलला घेतलं होतं, आणि जानेवारीत दोनदा गाडी हायवेवर सोडून चालत पेट्रोल पंप गाठला.

सही करण्याआधी तिघांनाही एक प्रश्न विचारा: ग्रीन कार्डची प्रक्रिया कधी सुरू करणार? 'वर्षभरानंतर बघू' हे उत्तर नाही, तारीख मागा. ती प्रक्रिया त्या ठिकाणच्या त्या कामासाठी असते. पहिल्या टप्प्यावर असताना कंपनीने तुम्हाला दुसऱ्या राज्यातल्या प्लांटला हलवलं तर बहुधा पुन्हा पहिल्यापासून. तिघांपैकी जो पहिल्या सहा महिन्यांत सुरू करतो असं लिहून देईल, त्याच्यासाठी मी वरचं अर्धं उत्तर फिरवायला तयार आहे, मिलवॉकी असलं तरी. तिघांची उत्तरं आली की इथेच कळवा, आणि क्लीव्हलँडच्या ऑफरवर कामाचा नेमका पत्ता काय आहे तेही लिहा.